लवंग तेल दातदुखी सोडून आणखी कशाला वापरतात? आणि असली कसं ओळखायचं?

वापर बरेच आहेत. साबण, टूथपेस्ट, मालिशची तेलं, आणि माशांना भूल द्यायला पण (खरंच, मासे हाताळायचे असले की पाण्यात थोडंसं मिसळतात). पण तुम्ही 'दातदुखी सोडून' म्हणालात ना, म्हणजे दातदुखीचं सगळं माहितीये असं धरलंत, तिथेच मला लागलं.

मला पण माहिती होतं. रात्री दाढ ठणकायला लागली, दादा म्हणाला कापसाचा बोळा तेलात बुडव आणि दाबून ठेव, नैसर्गिक आहे, काय होतंय. मी बोळा गालात धरून तसाच झोपलो. सकाळी दाढ गप्प, पण शेजारची हिरडी पांढरीफट्ट आणि तिची सालं निघतायत, पुढचा आठवडा कोमट पाणीसुद्धा झोंबायचं. बरं, दाढ बधिर झाली होती, बरी नव्हती, कीड आतपर्यंत गेलेली, शेवटी रूट कॅनल करावंच लागलं.

वर गंमत म्हणजे डॉक्टरांनी मधल्या काळासाठी जे सिमेंट भरलं त्याला तोच वास! झिंक ऑक्साइडच्या पावडरीत युजेनॉल कालवतात, आणि लवंग तेलात ७० ते ९० टक्के युजेनॉलच असतं. झालं, दादाला कोलीत मिळालं, "बघ, डॉक्टर पण तेच वापरतात." अरे बाबा, तिथे ते पावडरीशी बांधलं जातं, हळूहळू सुटतं, आणि दाताच्या खड्ड्यात असतं. तू नुसतं तेल रात्रभर हिरडीवर ठेवायला सांगितलंस! अजून मान्य करत नाही. लावायचंच तर खोबरेल किंवा कुठल्याही खायच्या तेलात एखादा थेंब, तेही डॉक्टरकडे जाईपर्यंतच.

असली ओळखायचं तर, शुद्ध लवंग तेल पाण्यापेक्षा जड असतं, थेंब तळाला जातो. तरंगून वर तवंग आला तर बहुतेक दुसरं तेल मिसळलंय. अगदी बारीक थेंब कधीकधी वरच अडकतो, जरा ढवळून बघा. आणि बुडलं म्हणजे लवंगेच्या कळीचंच असं पण नाही, त्याच झाडाच्या पानांचं तेलही बुडतं, ते स्वस्तातलं. बाटली गडद काचेची घ्या, काही प्लास्टिक या तेलाने मऊ पडतं.

हां, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेलं तर लिव्हरला इजा होते, झटके पण येऊ शकतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. दादाला नको.