कुरणातून धबधब्याकडे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : धबधब्याची वाट खासगी कुरणांतून जाते आणि मध्ये तारेची फाटकं लागतात. ती उघडावीत, की तारेखालून सरपटावं?

उत्तर : वाट सर्वांना खुली आहे किंवा मालकाची परवानगी आहे, हे आधी पक्कं करा; मग फाटकातूनच जा. तारेखालून घुसताना सॅक अडकते, तार ताणली जाते, खुंट सैल होतात आणि पुढे तिथूनच वासरं बाहेर पडतात. फाटक जसं होतं तसंच ठेवायचं. बंद होतं तर शेवटच्या माणसाने लावायचं. उघडं बांधून ठेवलेलं असेल तर ‘कुणी तरी विसरलं’ म्हणून लावू नका. बहुतेक वेळा ते गुरांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून उघडं असतं.

काठी-तारेच्या फाटकाशी (तारांच्या टोकाला काठी, ती खांबावरच्या वरच्या-खालच्या फासांत अडकवलेली) नवखे हमखास झटापट करतात. उघडताना वरचा फास आधी काढायचा, मग काठी खालच्या फासातून उचलायची. लावताना आधी काठीचं बूड खालच्या फासात घाला, मग काठीला खांदा लावून, हाताने खांबाला कवेत घेऊन दोन्ही जवळ ओढा आणि वरचा फास चढवा. वरचा फास आधी घातला तर ताण बसतच नाही. काठी निसटली तर तारेसकट उसळते, म्हणून चेहरा बाजूला ठेवा. कुलूपबंद लोखंडी फाटकावरून चढायची मुभा असेल तर बिजागरीच्या बाजूने, एकेकाने चढा. वीजप्रवाहाच्या तारेला हात लावून बघायची हौस नको. झटका थांबून थांबून येतो, त्यामुळे क्षणभर काही जाणवलं नाही म्हणजे तार बंद आहे असं नाही.

प्रश्न : वाटेवरच गाई-वासरं बसलेली असली तर? सोबत कुत्रा न्यावा का?

उत्तर : वाट सोडून लांबून वळसा घाला, गाय आणि वासरू यांच्या मधून कधीच जाऊ नका. गाय डोकं वर करून रोखून पाहू लागली की आणखी लांब सरका. वळू आडवा उभा राहून अंग दाखवतो, मान खाली घालतो, खुराने माती उकरतो. एवढं दिसलं की त्याच्याकडे तोंड ठेवून तिरकं मागे सरायचं, पळायचं नाही.

कुत्रा नसेल तर उत्तम, असं आमचं स्पष्ट मत आहे. गाईंचा राग मुळात त्याच्यावर असतो. नेलाच तर दोरी आखूड ठेवा, पण गाय अंगावर आली तर दोरी सोडून द्या. कुत्रा पळून वाचतो, दोरी धरणारा सापडतो. कुत्र्याची विष्ठाही उचला, तिच्यातल्या एका परजीवीमुळे गाई गाभडतात.

प्रश्न : नकाशावर धबधबा जवळ दिसतो, तरी माळावर भरकटायला होतं. असं का?

उत्तर : ढोरवाटांमुळे. त्या ठळक असतात, पण पाण्याच्या हौदाकडे, मिठाच्या ढेपेकडे किंवा सावलीकडे जातात. धबधबा घळीत असतो, कड्यावर पोहोचेपर्यंत दिसत नाही, आणि उलट्या वाऱ्यात ऐकूही येत नाही. म्हणून वाटेची नोंद फोनमध्ये आधीच उतरवून घ्या आणि प्रत्येक फाटकाशी वळून मागचं दृश्य पाहून ठेवा. कड्याची धार गवताने झाकलेली असते. तीन-चार मीटर अलीकडेच थांबा.

वेळेचा ढोबळ हिशोब असा : पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाला एक तास. घळीत उतरून जायचं असेल तर हा चढ परतीला, भर उन्हात येतो. पाणी तासाला अर्धा लिटर धरा, कडक उन्हात त्याहून जास्त. गडगडाट ऐकू आला की एकट्या झाडापासून आणि तारेच्या कुंपणापासून दूर जा. वीज तारेतून लांबवर धावते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

प्रश्न : धबधब्याचं पाणी प्यावं का?

उत्तर : वर गुरं चरत असतील तर तसंच पिऊ नका. खळखळ उकळी एक मिनिट, 2000 मीटरच्या वर तीन मिनिटं. नुसत्या क्लोरीनच्या गोळ्यांवर विसंबू नका, क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा परजीवी त्यांना दाद देत नाही. पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा काटक्या वाहून येऊ लागल्या, तर वरून लोंढा येतोय असं समजून बाटली भरायचं सोडा आणि लगेच वर चढा.