मित्र थर्टी फर्स्टच्या नाकाबंदीत सापडला, गाडीचा विमाही संपलेला. आता पुढे काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्र ३१ डिसेंबरच्या रात्री त्याच्या दादाची मोटरसायकल घेऊन निघाला, नाकाबंदीत फुंकायला लावलं, मशीनवर ५२ आले. कागद बघितले तर विमा सप्टेंबरातच संपलेला. लायसन्स पोलिसांनी ठेवून घेतलं, गाडी चौकीत लागली. आता दंड किती होईल, वकील करावा का, आणि या मोहिमा म्हणजे नुसती वसुलीच की काय?

मी जिल्हा न्यायालयात मोटार अपघात दाव्यांचं काम करते, बहुतेक वेळा अपघातात गेलेल्या माणसाच्या घरच्यांकडून. त्यामुळे माझं उत्तर जरा तिरकं वाटेल. तुम्ही सगळं दारूच्या केसबद्दल लिहिलंत आणि विम्याचं 'आणि हो' म्हणून शेवटी घातलंत. मला त्या शेवटच्या गोष्टीची काळजी जास्त वाटते. पण कोर्टाची तारीख दारूची लागणार आहे, तर आधी तेच.

५२ म्हणजे १०० मिलिलिटर रक्तामागे ५२ मिलिग्रॅम अल्कोहोल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा आहे ३०. इंग्लंडात हीच मर्यादा ८० आहे, म्हणून 'साहेब, बाहेर एवढं चालतं' असं ऐकवणारा एक तरी इसम प्रत्येक चौकीत असतो. दारूचा परवाना काढून दाखवणाराही असतो. तो परवाना पिण्याचा आहे, पिऊन चालवण्याचा नाही.

शिक्षा अशी: पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिल्या वेळचा दंड दोन हजारांपर्यंतच होता. शिवाय तेव्हा दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत घडला तरच तो 'दुसरा' धरला जाई. ती अट आता उडाली आहे. म्हणजे मित्राची ही नोंद आता त्याच्या मागे राहणार. दहा वर्षांनी पुन्हा सापडला तरी ती त्याच्याविरुद्ध पुढे आणता येते.

हा गुन्हा हेल्मेट किंवा सिग्नलसारखा पावती फाडून मिटत नाही. कायद्याने तडजोडीची सोयच ठेवलेली नाही, कोर्टासमोर जावंच लागतं. रस्त्यात कोणी 'इथंच मिटवू' म्हणत असेल, तर ते पैसे सरकारात जात नाहीत, आणि केस मिटल्याचा कागदही हातात पडत नाही.

वकील करावा का? अपघात नाही, कुणाला लागलं नाही, पहिलीच वेळ आहे, अशा केसमध्ये बहुतेक लोक गुन्हा कबूल करतात आणि दंड भरून मोकळे होतात, असं मी रोज बघते. कैद होणारच नाही याची हमी मात्र कोणी देऊ शकत नाही. ते दंडाधिकाऱ्यांच्या हातात आहे. कबुली दिली की ती दोषसिद्धी ठरते. मित्र सरकारी नोकरीच्या मागे असेल, किंवा कुठल्या अर्जावर 'कधी शिक्षा झाली आहे का' हा रकाना भरायचा असेल, तर कबुलीआधी वकिलाशी एकदा बोलून घ्या. केस लढवायची तर सगळी मदार मशीनच्या छापील चिठ्ठीवर असते: त्यावर वेळ आहे का, नाव-सही बरोबर आहे का, फुंकायला नवी नळी दिली होती का. तोंडाला वास येत होता एवढ्यावर दारूचा आरोप सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच सांगितलं आहे. त्याला अटक केली असेल तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. ती झाली नाही तर कोठडीतून सोडावं लागतं. हे दोन तास आरोपीच्या सोयीचे आहेतच, पण पुराव्याच्याही सोयीचे आहेत. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्श गाडीने दोघांचा जीव घेतला, तेव्हा रक्ताचा नमुना किती उशिरा घेतला गेला आणि पुढे तो बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाचे डॉक्टर कसे अटकेत गेले, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. जागेवर फुंकलेली चिठ्ठी अशी बदलायला अवघड असते.

लायसन्सचं म्हणाल तर ते आरटीओकडे जाईल. रस्ता सुरक्षेवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २०१५ मध्ये राज्यांना सांगितलंय की पिऊन चालवणाऱ्याचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. त्या काळात तो गाडी चालवताना दिसला तर तो आणखी वेगळा गुन्हा, त्यालाही दहा हजारांचा दंड. तेव्हा तीन महिने बस, रिक्षा, नाहीतर दादाच्या मागे बसणे.

आता विमा. कलम १९६: विम्याशिवाय गाडी चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलं तर दंड चार हजार. प्रत्यक्षात दोन हजारांचं ई-चलन येतं आणि विषय संपतो. यात एक शब्दरचना दादाने नीट वाचावी: जो चालवतो तोच नव्हे, जो चालवू देतो तोही दोषी. म्हणजे घरी झोपलेला दादाही यात आहे.

दारूला दहा हजार आणि विम्याला दोन हजार, हे बघून माणसाला वाटतं की दुसरी चूक पहिलीच्या पाचपट लहान आहे. दारूने अपघात होतो, विमा नसल्याने होत नाही, हे खरंच आहे. पण अपघात झाल्यावर त्या घराचं काय होतं, ते विमा आहे की नाही यावर ठरतं. आमच्या मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात ते गणित असं मांडतात. समजा, गेलेला माणूस तीस वर्षांचा, स्वतःचा छोटा धंदा, महिना वीस हजार कमाई. मागे बायको, दोन मुलं, आई. वर्षाचे २ लाख ४० हजार. पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के मिळवायचे: ३ लाख ३६ हजार. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून पाव भाग वजा: २ लाख ५२ हजार. ही वर्षाची रकम ज्याने गुणायची तो गुणक वयावरून ठरतो, तीस वर्षांना १७. उत्तर ४२ लाख ८४ हजार. अंत्यविधी वगैरेची ठरीव रक्कम आणि व्याज त्याच्यावर. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांनी पक्की केली आहे, न्यायाधीशाच्या मर्जीचा भाग त्यात फार कमी.

७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने समोरच्याचं जे नुकसान होईल त्याच्या विम्याचा, हप्ता २०२२ मध्ये ठरला तो वर्षाला ७१४ रुपये, अधिक जीएसटी. एवढे भरलेले असले की ते बेचाळीस लाख विमा कंपनीच्या नावावर जातात. नसले की दादाच्या.

'माझ्याकडे कुठून येणार एवढे' हे उत्तर तिथे चालत नाही. कायद्याच्या कलम १७४ खाली न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना वसुलीचा दाखला पाठवतं आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे तहसीलदार, तलाठी, सातबाऱ्यावर बोजा. मी ज्यांच्या बाजूने उभी राहते त्यांनाही हा विजय वाटत नाही. एका दाव्यात समोरचा मालक दीड-दोन एकरवाला, तोही मोलमजुरी करणारा. निकाल आमच्या बाजूने लागला आणि पैसे मात्र आजही तुकड्यातुकड्यानेच येतात. एका बाजूला घरचा कर्ता गेलेलं कुटुंब, दुसऱ्या बाजूला जमीन जायच्या भीतीने आमच्याकडे हप्ते मागणारा माणूस. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यांना सांगितलं की अपघातातली विनाविमा गाडी पुरेशी हमी घेतल्याशिवाय सोडू नका, वेळ पडल्यास विकून पैसे दाव्यात जमा करा. ठीक आहे, पण जुनी मोटरसायकल विकून येणार किती?

आणखी एक विचित्र गोष्ट. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर मृताच्या घरच्यांना सरकारी योजनेतून २ लाख मिळतात. गाडी थांबली, नंबर मिळाला, चालक सापडला, फक्त विमा नाही, तर त्या योजनेतून काही नाही. पळून गेलेला निदान दोन लाखांचा तरी ठरतो.

पिऊन चालवलं पण विमा आहे, अशा केसमध्ये काय होतं तेही सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की दारू म्हटलं की विमा कंपनी हात वर करते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरतं ते खरं आहे. दिल्लीत इंडिया गेटपाशी आपटलेल्या एका गाडीच्या प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला दावा नाकारू दिला, रक्त-श्वास तपासणीचा आकडा नसतानाही. समोरच्या माणसाच्या भरपाईत मात्र आजवरचा कल 'आधी कंपनीने द्यावे, मग मालकाकडून वसूल करावेत' असा आहे. पीडिताच्या घरी पैसे पोचतात, प्यालेल्याच्या मागे कंपनी लागते. विमा नसताना कंपनीच नाही, त्यामुळे पोचवणारंही कोणी नाही.

आता वसुलीचं. मोहिमा निरुपयोगी आहेत हे मला मान्य नाही. मुंबईत नोव्हेंबर २००६ मध्ये कार्टर रोडच्या फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, सात जण गेले. पुढच्या वर्षी मुंबई वाहतूक पोलिसांनी पिऊन चालवणाऱ्यांविरुद्ध मोहीम सुरू केली आणि ती एका रात्रीपुरती ठेवली नाही. 'आज गाडी कोण चालवणार' हा प्रश्न पार्टीआधी विचारायची सवय मुंबईकरांना लागली ती त्यातून, असं माझं मत. आमच्यासारख्या शहरांत उलट आहे. थर्टी फर्स्ट, गटारी, धुळवड या तीन वेळा बॅरिकेड लागतात, कुठे लागलेत ते व्हॉट्सॅपवर तासाभरात फिरतं, आणि मधल्या साध्या शनिवारी सगळं मोकळं.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. त्या रात्री ज्याचा आकडा शून्य येतो त्याला हवालदार 'चला, निघा' म्हणतो. विमा विचारत नाही. तुमच्या मित्राचा संपलेला निघाला तो दारूमुळे कागद मागितले म्हणून. खरं तर विमा तपासायला कुणाला थांबवायचीही गरज नाही. गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत सरकारच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत दिसते. देशातली जवळपास निम्मी वाहनं विम्याविना धावतात, त्यात दुचाकी सर्वाधिक. यामागे एक साधं कारण मला दिसतं. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला एकदम पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. तो शोरूमवालाच गाडीच्या किमतीत घालून देतो. पाच वर्षं मालकाला विमा हा प्रकार आठवतही नाही, आणि सहाव्या वर्षी आठवण करून द्यायला शोरूमवाला नसतो. दादाची मुदतही सप्टेंबरात संपली म्हणता. पाच वर्षांपूर्वी गाडी घेतली असेल तर हेच झालेलं असणार.

आणि सापडलेल्याचं काय करतात? दोन हजारांचं चलन करतात आणि सोडून देतात. गाडी विम्याविनाच पुढच्या चौकात जाते. याला वसुली म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, मी अडवणार नाही. थर्ड पार्टी पॉलिसी फोनवर काही मिनिटांत निघते. दंड निम्मा केला तरी चालेल, पण पॉलिसी दाखवल्याशिवाय चावी द्यायची नाही, एवढं केलं तरी मी त्या मोहिमेला मोहीम म्हणेन.

दादाने आता करायचं ते असं. चौकीतून गाडी सोडवायच्या आधीच पॉलिसी काढावी. त्यावर विमा कधीपासून सुरू होतो ती तारीख आणि वेळ वाचावी, कारण ती बहुधा पैसे भरल्याच्या क्षणापासून नसते आणि दावा तासांवरसुद्धा फिरतो. तोवर गाडी ढकलत किंवा टेम्पोत घालून आणावी. स्वतःच्या नुकसानीचा विमाही हवा असेल तर कंपनी आधी गाडीची पाहणी करेल, आणि मुदत संपून ९० दिवस उलटले असल्याने नो क्लेम बोनस, म्हणजे आधी दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेलेला आहे. त्यावर एजंटशी भांडण्यात अर्थ नाही. घरातली एखादी जुनी स्कूटर कुणाला विकली असेल आणि आरटीओत अजून दादाच्याच नावावर असेल, तर तीही लगेच त्याच्या नावावरून उतरवा. २०१८ च्या निकालानुसार भरपाईसाठी मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे. आणि मित्राला सांगा, समन्सवरची तारीख चुकवू नकोस. दहा हजारांत मिटणाऱ्या गोष्टीत वॉरंट निघतं ते यामुळेच.