वाचकांचे प्रश्न : शोधनिकाल गाळताना क्रम का बिघडतो?

प्रश्न : आमच्या ग्रंथसंग्रहाच्या सुमारे १० लाख नोंदी सोलर या शोधयंत्रात इंडेक्स केलेल्या (शोधासाठी सूचीबद्ध केलेल्या) आहेत. वाचकाने भाषा किंवा प्रकाशनवर्ष निवडले की त्या अटी आम्ही त्याच्या शोधशब्दांनाच ‘आणि’ लावून जोडतो. निकाल बरोबर गाळले जातात. परंतु मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा निवडल्यास हिंदी पुस्तके विनाकारण वर येतात. शिवाय एक भाषा निवडताच बाजूच्या यादीत इतर भाषांपुढे शून्य दिसते. यावर उपाय काय?

उत्तर : या दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिलीचे मूळ गुणांकनात, म्हणजे निकालांचा क्रम ठरवण्यासाठी प्रत्येक नोंदीला दिल्या जाणाऱ्या गुणांत आहे. सोलर ज्या ल्युसीन या शोध-सॉफ्टवेअरवर उभे आहे, त्यात गुण देण्यासाठी बीएम२५ हे सूत्र वापरले जाते आणि त्यानुसार एखादी संज्ञा संग्रहात जितकी विरळ, तितके तिचे वजन अधिक धरले जाते. तुमच्याकडे हिंदी नोंदी मराठीपेक्षा कमी असणार. त्यामुळे ‘भाषा : हिंदी’ ही अट पूर्ण करणाऱ्या नोंदीचा वाचकाच्या शोधशब्दांशी संबंध कितीही क्षीण असला, तरी तिच्या पदरात थोडे जादा गुण पडतात. एकच भाषा निवडली, तर सगळ्यांनाच सारखे जादा गुण मिळतात आणि क्रम हलत नाही. चाचणीच्या वेळी हा दोष नजरेतून सुटतो तो यामुळेच.

भाषा आणि वर्ष या होय-नाही स्वरूपाच्या अटी आहेत. त्यांना गुण देण्याचे काही कारण नाही. त्या मुख्य शोधातून काढून ‘एफक्यू’ (फिल्टर क्वेरी, म्हणजे गुण न देता फक्त गाळणारी अट) या पॅरामीटरमध्ये द्याव्यात. (इलॅस्टिकसर्च या दुसऱ्या शोधयंत्रात हेच काम बूल क्वेरीतील फिल्टर हा भाग करतो.) यामुळे वेगही वाढतो, कारण सोलर प्रत्येक एफक्यूचे उत्तर कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा वापरण्यासाठीच्या तात्पुरत्या साठ्यात ठेवते. प्रत्येक नोंदीमागे एक बिट धरला, तरी १० लाख नोंदींचे उत्तर १२५ किलोबाइटमध्ये मावते. मात्र भाषा आणि वर्ष यांसाठी दोन स्वतंत्र एफक्यू लिहावेत. दोन्ही अटी एकाच एफक्यूमध्ये गुंफल्या, तर ती विशिष्ट जोडी पुन्हा विचारली जाईपर्यंत साठवलेले उत्तर निरुपयोगी ठरते.

‘गेल्या वर्षभरात दाखल झालेली पुस्तके’ अशी अट असेल, तर आणखी एक खाच लक्षात घ्यावी. तारखेच्या अटीत ‘नाऊ’ (आत्ताची वेळ) असे नुसते लिहिले की त्याचे मूल्य मिलिसेकंदागणिक बदलते, प्रत्येक विचारणा नवी ठरते आणि कॅश कधीच न वापरल्या जाणाऱ्या उत्तरांनी भरत जातो. ‘नाऊ/डे’ असे लिहून वेळ दिवसाच्या सुरुवातीपर्यंत खाली आणली की तेच उत्तर दिवसभर वापरता येते.

आता शून्यांविषयी. फॅसेटची, म्हणजे बाजूच्या यादीतील पर्यायांपुढच्या आकड्यांची, मोजणी गाळलेल्या निकालांवर होते, म्हणून मराठी निवडल्यावर हिंदीपुढे शून्य येणे तर्काला धरूनच आहे. वाचकाला मात्र त्याचा उपयोग नाही. भाषेच्या एफक्यूला टॅग (ओळखीचे नाव) द्यावा आणि भाषेच्या फॅसेटची मोजणी करताना तो टॅग वगळण्यास सांगावे. वर्षाची अट त्या मोजणीला लागू राहते, त्यामुळे हिंदीपुढे दिसणारा आकडा निवडलेल्या वर्षापुरता खरा असतो.

काही जण शोधयंत्राकडून पहिले दहा निकाल घेतात आणि स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये ते गाळतात. तो मार्ग टाळावा : पानावर कधी तीनच निकाल उरतात, कधी एकही उरत नाही आणि एकूण संख्या चुकीची दिसते. काही नोंदी ठरावीक वाचकांनाच दाखवायच्या असतील, तर ती अटही एफक्यूमध्येच, पण सर्व्हरवर जोडावी. ब्राउझरकडून येणाऱ्या अटीवर विसंबू नये.

ज्या फील्डवर (नोंदीतील रकान्यावर) गाळायचे ते ‘स्ट्रिंग’ प्रकारचे, म्हणजे पूर्ण मजकूर अखंड ठेवणारे आहे ना, हेही तपासावे. ‘टेक्स्ट’ प्रकारात ‘भाषा आणि साहित्य’ या विषयनामाचे शब्द सुटे होतात आणि केवळ ‘साहित्य’ या विषयावर गाळतानाही त्या नोंदी आत शिरतात. फील्डचा प्रकार बदलल्यास सर्व नोंदी पुन्हा इंडेक्स कराव्या लागतील. एफक्यू आणि टॅग यांसाठी त्याची गरज नाही.