माळकरी माणसाने चीनच्या लहान शहरात नोकरीला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : योग शिकवायची नोकरी चीनमधल्या एका लहान शहरात मिळते आहे, घर वारकरी, गळ्यात माळ, चिनी अजिबात येत नाही, जावं, की शांघायमधल्या कामाची वाट बघावी?

जा. लहान शहरातच जा. मी सप्टेंबर २०१६ पासून तीन वर्षं हुबेई प्रांतातल्या यीचांगमध्ये योग शिकवला आणि माळ माझ्याही गळ्यात आहे, म्हणून हे उत्तर लांबणार.

'लहान' शब्दाने घाबरू नका. यीचांगची वस्ती आसपासचे तालुके धरून ४० लाखांच्या घरात आहे. यांगत्सेवरचं गझौबा धरण शहरातच, थ्री गॉर्जेसचं धरण वरच्या अंगाला चाळीसेक किलोमीटरवर. दवाखाना, रेल्वे, बाजार, कशाचीच कमी नाही. अडचण एकच, बोलायचं कुणाशी आणि कसं.

माझं घोडं तिथेच अडलं. सकाळचा वर्ग सुटला की मी खालच्या नूडल्सच्या दुकानात जायचो. लाल तिखट तेलातले नूडल्स हा यीचांगचा रोजचा नाश्ता. त्यांचा रस्सा हाडांचा असतो हे ठाऊक होतं, म्हणून मी कोरडे मागायचो. "पू याव रौ", म्हणजे मांस नको, हे वाक्य घोकून ठेवलेलं. दुकानाच्या मालकीणबाईंना सगळे लाओपान्यांग म्हणत. त्या मान डोलवायच्या आणि वरचा खिमा न घालता वाटी पुढे करायच्या. असं चार महिने चाललं.

जानेवारी आला. उत्तर चीनमध्ये घरं गरम ठेवायची सरकारी सोय असते, यांगत्सेच्या पट्ट्यात नसते. दुकानाचं शटर सताड उघडं, जितकी थंडी बाहेर तितकीच आत, गिऱ्हाईक जाड कोटातच जेवतं. एक दिवस घरून फोन आला म्हणून वाटी ठेवून बाहेर गेलो. परत येऊन बघतो तर वाटीच्या कडेला पांढरा थर धरलेला. रोजच्या वापरातलं तेल असं गोठत नाही. मी बोट लावून विचारलं, हे काय? लाओपान्यांगनी आतून डबा आणून दाखवला. डुकराची चरबी. वाटीच्या तळाशी चमचाभर चरबी, तिच्यावर सोया सॉस आणि तिखट, मग गरम नूडल्स. चार महिने मी रोज ती खात होतो.

मी भर दुकानात ओरडलो. हात थरथरत होते. त्या बिचाऱ्या पुन्हा पुन्हा एकच सांगत होत्या : 'रौ' नाही घातलं, हे 'यौ' आहे. यौ म्हणजे तेल. चिनीत या चरबीला 'जू यौ' म्हणतात, शब्दशः डुकराचं तेल. मी मांस नको म्हणालो होतो आणि त्यांनी मांस घातलं नव्हतं. शब्द संपले तेव्हा मी शर्टाच्या आतून माळ काढून दाखवली. त्यांचा चेहराच बदलला. "छ्र सू!" म्हणाल्या. सू म्हणजे व्रताचं, बिनमांसाचं खाणं. त्यांच्या सासूबाई चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी सू पाळायच्या, जशी आपली एकादशी. सासूबाईंसाठी घरात वेगळी कढई आणि रेपसीडचं तेल होतंच. दुसऱ्या दिवशी ती कढई दुकानात आली आणि मी यीचांग सोडेपर्यंत माझं खाणं तिच्यातच झालं. (बौद्धांच्या सूमध्ये कांदा-लसूणही चालत नाही, त्यामुळे माझा लसूण बंद झाला. तो परत मागून घ्यावा लागला.)

तेव्हा "मांस नको" एवढंच पाठ करून जाऊ नका. "वो छ्र सू", म्हणजे मी सू खातो, असं म्हणा, त्यानंतर "जू यौ नको" वेगळं सांगा, आणि माळ कपड्याच्या वर ठेवा.

घरी हे मीच सांगितलं. थोरला भाऊ आजही चारचौघांत म्हणतो, "चिन्यांनी फसवलं याला, आणि माळ बाटवून आला." दोन्ही खोटं आहे. ज्या बाई घरातली सोवळ्याची कढई एका परक्यासाठी दुकानात आणतात, त्यांना फसवणारं म्हणायचं? आणि माळेचं म्हणाल तर अण्णांनी मला एकच विचारलं होतं, "कळल्यावर खाल्लंस का?" नाही खाल्लं. पुढच्या आषाढीला रजा काढून आलो, चंद्रभागेत स्नान केलं, नवी माळ घातली. दादा, तू त्या वर्षी वारीला आला नव्हतास.

शांघायला गेलो असतो तर भारतीय हॉटेलात डाळ-भात खाऊन तीन वर्षं काढली असती. सू या शब्दाची गाठच पडली नसती.

भाषेचं थोडं. तिकडच्या बोलीत 'न' आणि 'ल' एक होतात, चार आणि दहा फक्त सुराने वेगळे कळतात. ॲपवरचं चिनी भाजीबाजारात तोकडं पडतं. बोटांचे आकडे शिका, ते एकाच हाताने दहापर्यंत दाखवतात. व्हॉट्सॲप, गूगल तिथे चालत नाही, घरच्यांना आधीच वीचॅट हे तिकडचं निरोपांचं ॲप घ्यायला लावा. खोली बदललीत तर २४ तासांत पोलीस चौकीत नोंद करा, लहान शहरात परदेशी माणूस लगेच डोळ्यांत भरतो.

माझा अनुभव २०१९ पर्यंतचा आणि एका पुरुषाचा आहे. तुम्ही बाई असाल तर तिथे राहिलेल्या एखाद्या शिक्षिकेशी बोला. पगाराचं मी काही सांगत नाही, तो योग केंद्रागणिक बदलतो. पण एका केंद्राने मला आधी व्यवसाय व्हिसावर बोलावलं होतं, "परवाना नंतर करू" म्हणाले होते, आणि मी गेलो नाही. त्या व्हिसावर शिकवणं बेकायदा आहे, पकडले गेलात तर परत पाठवतात. कामाच्या परवान्याचं पत्र आणि झेड व्हिसा, म्हणजे नोकरीचा व्हिसा, हातात पडल्याशिवाय तिकीट काढू नका.