सोमवारची धास्ती शुक्रवारीच कमी कर

नोकरीला लागून जेमतेम महिना झालाय आणि रविवारी संध्याकाळीच पोटात गोळा येतो म्हणालीस. माझंही पहिलं वर्ष असंच गेलं. मला ज्याने तारलं ते सांगते.

शुक्रवारी निघण्याआधी दहा मिनिटं राखून ठेव. अर्धवट राहिलेलं प्रत्येक काम वहीत उतरव आणि त्यापुढे सोमवारी पहिलं काय करायचं ते लिही. नुसतं ‘अहवाल’ नको, ‘तिसऱ्या तक्त्यातली बेरीज पुन्हा तपासायची’ इतकं नेमकं. पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा अर्धवट कामं जास्त लक्षात राहतात, असं ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ सालीच मांडलं होतं. कागदावर उतरली की डोकं बरंच हलकं होतं, हा माझा स्वतःचा अनुभव.

मीटिंगा लांबणारच, त्याचा त्रास करून घेऊ नकोस. पण निघता निघता कुणी काम हातात दिलं, तर ‘उद्या सकाळी दिलं तर चालेल का?’ असं सरळ विचार. बहुतेकदा चालतं. हे विचारायचं धाडस व्हायला मला फार वर्षं लागली.

आणि आठवड्यातून एकदा तरी सगळ्यांच्या आधी पोहोच. रिकाम्या खुर्च्या, गप्प फोन, फक्त पंख्याचा आवाज. त्या अर्ध्या तासात जे काम होतं, ते दुपारी दोन तासांतही होत नाही. झालं की वहीतली ओळ पेन दाबून खोड. तो कर्रकन होणारा आवाज मला अजूनही फार आवडतो.