इंजिन दांडगं, टायर अरुंद

पावसाळा लागला की मला येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो: गाडी घसरते. यंदा त्यात एक धागा सारखा दिसला. गाडीत ताकद भरपूर आहे, टायर मात्र त्या मानाने बारीक आहेत, आणि लिहिणाऱ्याला वाटतं की दोष टायरचाच. त्यातल्या पाच पत्रांना इथे उत्तरं देतो.

प्रश्न (पुणे): माझी टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे, टायर १८५/६० आर १५ (१८५ मिलिमीटर रुंदी, कडेची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १५ इंची). तीन महिन्यांपूर्वी रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदलून ताकद वाढवणं, करून घेतलं. टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, १७५ वरून २३० न्यूटन मीटरच्या पुढे गेला, असं करणाऱ्याने सांगितलं. आता पहिल्या-दुसऱ्या गिअरला चाकं जागच्या जागी फिरतात. ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. २१५ चे टायर टाकले तर प्रश्न सुटेल का?

सुटणार नाही, थोडा पुढे ढकलला जाईल. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा असतो, आणि त्याचं क्षेत्रफळ मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: त्या चाकावर किती वजन आहे आणि आत हवा किती आहे. गाडी तीच, हवा तीच ठेवून रुंद टायर चढवलात तर टेकलेला भाग फारसा वाढत नाही, त्याचा आकार बदलतो. आधी तो लांबट आणि अरुंद होता, आता आखूड आणि रुंद होतो. कोरड्या रस्त्यावर वळणात याचा फायदा नक्की जाणवतो. सिग्नलवरून सुटताना चाकं फिरण्याचा तुमचा जो त्रास आहे, त्यात मात्र रुंदीपेक्षा रबर कोणतं आहे याला जास्त महत्त्व आहे. शिवाय तुमची गाडी पुढच्या चाकांनी ओढते. जोरात पळवताना वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि नेमकं तेव्हाच तुम्ही त्यांच्याकडे सगळं काम मागता.

आधी एक करा. खाली बसा आणि टायरच्या कडेवर डॉट (DOT) या अक्षरांच्या ओळीतला शेवटचा चार आकडी कोड वाचा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. मग नक्षीच्या कडेला अंगठ्याचं नख दाबून बघा. ताजं रबर नखाखाली किंचित दबतं आणि परत येतं, जुनं रबर पाटीसारखं लागतं. नक्षी भरपूर शिल्लक आहे म्हणून लोक सात-आठ वर्षं टायर ओढतात आणि पहिल्या पावसात गाडीला नावं ठेवतात. टायर कडक झाले असतील तर त्याच मापाचे, ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारे नवे चार टायर टाका. २१५ पेक्षा जास्त फरक पडेल.

रुंदी वाढवायचीच असेल तर १९५/५५ आर १५ पर्यंत जा. चाकाचा व्यास जेमतेम सव्वा टक्क्याने कमी होतो, ते चालतं. २१५/६० चढवलात तर व्यास सहा टक्क्यांनी वाढेल, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवेल आणि पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर टायर आतून घासण्याची शक्यता आहे. भाराचा निर्देशांकही मूळ टायरपेक्षा खाली नको. ८४ म्हणजे एका टायरवर ५०० किलो.

आता मुख्य गोष्ट, जी मी गाडी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. टायरकडे पकड असते सोळा आणे. वळणं, थांबणं, पळणं या तिन्हींचा खर्च त्याच बटव्यातून होतो. पण हिशेब साध्या वजाबाकीचा नाही. वळणात बारा आणे गेले तरी ब्रेकसाठी साधारण साडेदहा आणे उरतात, कारण हे दोन जोर एकमेकांना काटकोनात असतात. पंधरा आणे वळणात गेले की मात्र उरतात साडेपाच. म्हणजे शेवटचे तीन आणे सगळ्यात महाग पडतात. कडेपर्यंत सगळं ठीक वाटतं आणि मग एकदम काही शिल्लक नसतं. रिमॅपने तुमचा खर्च करण्याचा वेग वाढला आहे, बटवा तेवढाच आहे. स्टिअरिंग सरळ होत जाईल तसतसा उजवा पाय दाबत जा. ओल्या रस्त्यावर सुटताना दुसरा गिअर लवकर टाका. आणि रिमॅपची माहिती विमा कंपनीला दिली नसेल तर आजच द्या.

प्रश्न (चिपळूण): पावसात घाट उतरताना टायरमधली हवा थोडी कमी केली तर पकड वाढते, असं आमच्याकडचे जुने ड्रायव्हर म्हणतात. खरं का?

चिखलात किंवा वाळूत खरं आहे, डांबरावर साचलेल्या पाण्यात उलट आहे. टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबावर अवलंबून असतो. नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर काम करून याचं सूत्र काढलं. त्या हिशेबाने ३२ पीएसआयला हा वेग ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो, २४ पीएसआयला ८२ वर उतरतो. टायर गुळगुळीत झाला असेल तर आणखी खाली. इथे अरुंद टायर कामाला येतो: तो पाणी कापत जातो, रुंद टायरला तेच पाणी जास्त लांब बाजूला ढकलावं लागतं. गाडीच्या दरवाजावर लिहिलेला दाब ठेवा आणि तो टायर थंड असताना भरा.

प्रश्न (नागपूर, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी): १९३० च्या दशकातल्या ग्रां प्री गाड्यांचे फोटो पाहतो तेव्हा टायर मोटरसायकलसारखे दिसतात. पाचशे-सहाशे अश्वशक्ती त्या टायरवर कशी चालवत असतील?

या प्रश्नाची मी वाट बघत होतो. १९३४ ते १९३७ या काळात नियम असा होता की चालक, इंधन, तेल, पाणी आणि टायर वगळून गाडीचं वजन ७५० किलोंपेक्षा जास्त नको. इंजिनाला मर्यादा नव्हती. वजन कमी म्हणजे ताकदही आपोआप मर्यादेत राहील, असा नियम करणाऱ्यांचा होरा होता. जर्मनांनी तो पार उलटवला. मर्सिडीजच्या १९३७ सालच्या डब्ल्यू १२५ मध्ये सुमारे ५.६ लिटरचं सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) लावलेलं आठ सिलिंडरचं इंजिन होतं, ताकद सहाशे अश्वशक्तीच्या घरात. मागचा टायर साधारण सात इंच रुंद, म्हणजे आजच्या भाषेत १८० मिलिमीटरच्या आसपास. तुमच्या आईबाबांच्या हॅचबॅकएवढा! वेग ताशी दीडशेच्या वर असतानाही उजवा पाय जरा जास्त पडला की मागची चाकं फिरू लागत.

ऑटो युनियन या दुसऱ्या जर्मन कंपनीची गाडी आणखी अवघड. सोळा सिलिंडरचं इंजिन चालकाच्या पाठीमागे, त्यामुळे मागची बाजू निघायला लागली की चालकाला ते उशिरा कळे. आतल्या बाजूचं चाक फुकट फिरू नये म्हणून १९३५ मध्ये त्यांनी झेडएफ कंपनीचं मर्यादित घसरण देणारं डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग) बसवलं. त्या गाडीवर खरा हात बसला तो बर्न्ड रोझमायरचा. तो मोटरसायकल शर्यतींतून आला होता, साध्या रेसिंग कारच्या सवयी त्याला लागलेल्याच नव्हत्या. १९३६ मध्ये तो युरोपचा विजेता झाला.

ही माणसं टायर चिकटवून ठेवायचा प्रयत्नच करत नव्हती. अरुंद टायर, त्यातही त्या काळचे आडव्या-तिरप्या धाग्यांचे, एकदम सुटत नाहीत. आधी थोडे सरकतात, मग जास्त सरकतात, आणि या दोन्हींच्या मध्ये चालकाला वेळ मिळतो. चारही चाकं थोडी थोडी सरकत ठेवून, स्टिअरिंगपेक्षा ॲक्सिलरेटरने गाडीची दिशा ठरवत ते वळण काढत. हे शिकायचं असेल तर टाझिओ नुवोलारी या इटालियन चालकाची २८ जुलै १९३५ ची जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवरची शर्यत अभ्यासा. त्याची अल्फा रोमिओ ताकदीत जर्मन गाड्यांच्या खूप मागे होती. शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा मर्सिडीजचा मानफ्रेड फॉन ब्राउखिच अर्ध्या मिनिटाहून जास्त पुढे होता. पण त्याने टायर खर्च करून टाकले होते. त्या शेवटच्या फेरीत त्याचा मागचा टायर फाटला आणि नुवोलारी जिंकला. आपल्याकडे किती रबर उरलंय याचा हिशेब ठेवणं, हाही गाडी चालवण्याचाच भाग आहे.

ही वाट पुढे बंद झाली असंही नाही. टोयोटाने २०१२ मध्ये जीटी ८६ काढली, दोनशे अश्वशक्तीची, मागच्या चाकांनी चालणारी. तिला दिलेले २१५/४५ आर १७ चे टायर प्रियसच्या काही गाड्यांनाही बसत होते. काटकसर म्हणून नव्हे, मुद्दाम: कमी वेगातही गाडी चालकाशी बोलायला हवी होती. मला तो निर्णय फार पटतो.

प्रश्न (श्टुटगार्ट): आमच्या गाडीला उन्हाळ्यात २२५ चे टायर आहेत. हिवाळ्यासाठी गॅरेजवाले २०५ सुचवताहेत. गाडी दोनशे अश्वशक्तीची आहे. बर्फात कमी रुंद टायर म्हणजे धोका नाही का?

गॅरेजवाल्यांचं ऐका. ताज्या किंवा पाणथळ बर्फात अरुंद टायर खाली रुतून घट्ट थरापर्यंत पोचतो, रुंद टायर वरवर चढून बसतो. फक्त काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर हा फायदा दिसत नाही. गाडीच्या कागदांत २०५ चं माप मान्य आहे ना, ते बघून घ्या. टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह हवं. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यांसाठी नुसतं एम अधिक एस (M+S, चिखल आणि बर्फाची जुनी खूण) लिहिलेलं पुरत नाही. कायद्याने नक्षीची खोली १.६ मिलिमीटर चालते, पण बर्फासाठी मी चारच्या खाली जाणार नाही.

आणि ताकदीचं म्हणाल तर तुमच्याच देशातली बीएमडब्ल्यू आय ३ बघा. १७० अश्वशक्ती, विजेची मोटर असल्यामुळे सगळा टॉर्क पहिल्या क्षणापासून, मागच्या चाकांना, आणि टायर १५५/७० आर १९. रुंदी कमी पण व्यास मोठा, त्यामुळे जमिनीला टेकलेला भाग लांबट. ती चालते, कारण ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक फुकट फिरू लागलं की ताकद आपोआप कमी करणारी यंत्रणा, उत्तम आहे. तुमच्या गाडीतलं बंद करू नका.

प्रश्न (सांगली): वडिलांची १८०० आयएसझेड अँबेसिडर दुरुस्त करून रस्त्यावर आणली. इसुझूचं इंजिन, मूळ ५.९०-१५ मापाचे टायर. पावसात घाटात दोनदा मागची बाजू फिरली. रेडियल, म्हणजे आजच्या गाड्यांना असतात तसले टायर, टाकू का, आणि चालवू कशी?

७५ अश्वशक्ती म्हणजे आज कोणाला फार वाटणार नाही, पण जुन्या १४८९ सीसीच्या इंजिनाच्या मानाने ती दीडपट आहे, आणि खाली तीच पाट्याची स्प्रिंग, तोच अखंड मागचा धुरा. आमच्या घरी हीच गाडी होती. जुलैतल्या एका संध्याकाळी आंबा घाटात, डोंगरातून पाणी वाहत येतं अशा एका डाव्या वळणावर, मला वेग जास्त वाटला म्हणून मी ॲक्सिलरेटर एकदम सोडला. आधी आसनाखाली काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं, मग बॉनेट आपोआप वळणाच्या आत बघायला लागलं. वजन पुढे गेलं, मागची चाकं हलकी झाली, मागची बाजू निघाली. पाय पुन्हा हलकेच ठेवला आणि स्टिअरिंग उजवीकडे दिलं, तेव्हा ती सावरली. तुमच्याही दोन्ही वेळा असंच झालं असणार: पाय दाबल्याने नव्हे, झटकन उचलल्याने.

म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावरच संपवा. गिअरही तिथेच उतरवा आणि क्लच हळू सोडा, कारण झटक्याने सोडलेला क्लच मागच्या चाकांना ब्रेकसारखाच लागतो. वळणभर पाय एकाच जागी, हलका. फिरलीच तर जिथे जायचं तिकडे बघा, हात डोळ्यांच्या मागे जातात. गाडी परतायला लागताच स्टिअरिंगही परत आणा, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला दुप्पट जोराने जाईल. ब्रेकला हात लावल्यासारखं, म्हणजे पाय लावल्यासारखं, काही करू नका. मोकळं, ओलं मैदान मिळालं तर ताशी वीसने हे दहा वेळा करून बघा.

रेडियल जरूर टाका, पण चारही. पुढे रेडियल आणि मागे जुने, आडव्या-तिरप्या धाग्यांचे, असं कधीच नको, मागची बाजू आणखी लवकर सुटेल. स्टेपनीही त्याच प्रकारची घ्या. पंक्चर नेमकं घाटात होतं आणि एका चाकापुरता जुना टायर चढवून लोक तसेच खाली उतरतात.