कायदा आणि आपण : अटकेनंतर वकील कधी द्यावा?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला फसवणुकीच्या तक्रारीवरून चौकशीसाठी पोलीस ठाण्यात बोलावले होते. त्याच रात्री त्याला अटक केल्याचे आम्हाला फोनवरून कळवण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी न्यायालयाने दोन दिवसांची पोलीस कोठडी दिली. अटक का केली, हे त्याला लेखी दिलेले नाही; काही कागदांवर सह्या मात्र घेतल्या आहेत. ठाण्यात आम्हाला सांगितले गेले की, एवढ्यात वकील देऊ नका, प्रकरण चिघळेल. आम्ही काय करावे?
– एक वाचक भगिनी

उत्तर : वकील आजच द्या. वकील दिल्याने प्रकरण चिघळते, या समजुतीपायी असंख्य कुटुंबे पहिले मोलाचे दिवस गमावतात. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 22 ने अटक झालेल्या प्रत्येकाला दिला आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 38 नुसार चौकशी चालू असतानाही आपल्या भावाला वकिलांची भेट घेता येते. मात्र संपूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसू शकत नाहीत. पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा 15100 या क्रमांकावर फोन करावा. कोठडीत असलेल्या व्यक्तीला मोफत वकील देताना उत्पन्नाची अट लावली जात नाही.

आता आपल्या पत्रातील सर्वांत गंभीर बाब. अटकेची कारणे कळवणे हे संविधानानेच पोलिसांवर घातलेले बंधन आहे आणि केवळ कलमांचे आकडे सांगितल्याने ते पूर्ण होत नाही. या विशिष्ट व्यक्तीने नेमके काय केल्याचा आरोप आहे, हे त्यातून समजले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये स्पष्ट केले की, गुन्हा कोणत्याही कायद्याखालचा असो, ही कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत आणि लेखी दिली पाहिजेत. घटनास्थळी ते शक्य नसेल तर आधी तोंडी सांगून, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी लेखी द्यावीत. हे झाले नसेल तर अटक आणि त्यानंतरची कोठडी बेकायदेशीर ठरू शकते. अर्थात त्याने गुन्हा रद्द होत नाही, तपास सुरूच राहतो.

अटकेच्या वेळी तयार होणारा अटक पंचनामा वकिलांकरवी मिळवून नीट वाचावा. त्यावर अटकेची तारीख आणि वेळ असते, कुटुंबातील किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही असते आणि खुद्द आरोपीचीही सही असते. आपला भाऊ ठाण्यात गेला किती वाजता आणि कागदावर अटकेची वेळ कोणती नोंदली आहे, हे शेजारी शेजारी लिहून काढा. प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करण्याचे बंधन पाळले गेले की नाही, या वादात ही तफावत फार महत्त्वाची ठरते.

सह्यांबद्दल घाबरून जाऊ नये. पंचनाम्यावर सही घेतली जाणे नेहमीचे आहे. मात्र पोलिसांनी तपासात नोंदवलेल्या जबाबावर सही घेता येत नाही, आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. तिच्यातील माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग ग्राह्य धरला जाऊ शकतो. कोऱ्या कागदावर सही घेतली असेल, तर पुढच्या तारखेला भावाने ते स्वतःच्या तोंडाने न्यायालयास सांगावे. मारहाण झाली असेल तर तीही तेव्हाच सांगून वैद्यकीय तपासणीची मागणी करावी. आरोपी त्या दिवशी गप्प राहिला, तर महिन्याभराने केलेल्या त्याच तक्रारीवर विश्वास बसणे कठीण जाते.

आणखी एक मुद्दा वकिलांशी आवर्जून बोला. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, अटकेची गरज का आहे हे पोलिसांनी लिहून ठेवावे आणि गरज नसेल तेव्हा हजर राहण्याची नोटीस द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या अर्णेश कुमार निकालात बजावले आहे. फसवणुकीची कमाल शिक्षा सात वर्षे असल्याने, अन्य गंभीर कलमे लावलेली नसतील, तर हा निकाल आपल्या भावाला लागू पडतो आणि जामीन अर्जात तो मांडलाच पाहिजे.

प्रश्न : त्याला जामीन नाकारला गेला, तर किती दिवस आत राहावे लागेल?

उत्तर : जामीन नाकारला तरी सत्र न्यायालय आणि त्यानंतर उच्च न्यायालयाचा मार्ग मोकळा राहतो. पोलीस कोठडी एकूण 15 दिवसांहून अधिक देता येत नाही. उरलेला काळ न्यायालयीन कोठडीचा असतो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात 60 दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर जामीन हा हक्क होतो. हे दिवस कोठडीच्या पहिल्या आदेशाचा दिवस धरून मोजतात. मात्र हा जामीन आपोआप मिळत नाही. दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वी अर्ज करावा लागतो. म्हणून 61 व्या दिवशी सकाळी न्यायालय उघडताच तो दाखल करण्याची तयारी वकिलांकडून आधीच करून घ्यावी.